साक्षीदार क्रमांक दोन

अकरा दिवस छोटी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून होती. साक्षीदाराने आत बसायचं नसतं, आधीच्या साक्षी ऐकायच्या नसतात, हे शिपायाने तिला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. रोज दहाला ती जायची. पिशवीत दोन कानशी आणि डझनभर कोऱ्या चाव्या असायच्या, कारण तोंडाने सांगून कुणाला कळणार नाही, करूनच दाखवायचं असं तिने ठरवलं होतं. कोर्टाच्या फाटकावरचा पोलिस रोज कानशी काढून घ्यायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा. चौथ्या दिवसापासून तो "आला कारखाना" म्हणायला लागला. आतलं दार उघडलं की ती उठायची, बंद झालं की बसायची. बाराव्या दिवशी त्यांचे मोठे वकील बाहेर आले, चष्मा पुसत म्हणाले, "तुमची साक्ष राहिली बघा. कोर्टाने नाही घेतली." आणि गोदामफोडीच्या खटल्यात तिच्या मधल्या भावाला, घरातल्या सगळ्यांच्या मधल्याला, नऊ वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हापासून छोटी त्या न्यायाधीशाला मनातल्या मनात रोज झोडपत होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अर्धे केस पांढरे, हाताला कुलपांच्या तेलाचा वास, पण घरात ती अजून छोटीच होती. आणि छोटीचा राग घरात सगळे जरा हसण्यावारीच न्यायचे.

आज कुणी हसत नव्हतं. निकालाला आज साठ दिवस होत होते. अपील दाखल करायचा हा शेवटचा दिवस. कोर्टाची खिडकी पाचला बंद होणार होती आणि आत्ता साडेबारा वाजले होते. घरच्या चाव्यांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. मागच्या कामाच्या खोलीत लांब टेबलावरच्या चाव्या बाजूला सारून सगळे नव्या वकीलबाईंची वाट बघत बसले होते. दादा येरझारा घालत होता. वहिनी समोरच्या काउंटरवर बसल्यासारखी ताठ बसली होती. वीस वर्षं गिऱ्हाईक घेऊन तिची बसायची पद्धतच तशी झाली होती. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत डब्यातल्या जुन्या चाव्या निवडत होती. चांगल्या एकीकडे, गंजलेल्या दुसरीकडे. वडील, अण्णा, गेल्यापासून तिला हा चाळा लागला होता.

"काय लागेल ते लागू दे," दादा चौथ्यांदा म्हणाला. "पण त्याला बाहेर काढायचा. दुकान विकायला लागलं तरी चालेल."

"आधी बस तू," छोटी म्हणाली. "चक्कर येतीये मला."

वकीलबाई आल्या त्या घामाघूम होऊन, काखेत फुगलेली फाइल. मोठ्या वकिलांच्या ऑफिसने ती दोन महिने आज देतो, उद्या देतो करत आज सकाळी हातात ठेवली होती. बाई पन्नाशीच्या, आवाज शिक्षिकेसारखा. त्या पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मला एकदा नीट सांगा. अगदी पहिल्यापासून. खुणेचं."

हे सांगायचा मान छोटीचाच होता. तिने टेबलावरची एक चावी उचलली.

"अण्णांचा नियम होता. जो चावी कापेल त्याने ती पूर्ण करायची नाही. कापणारा ती ट्रेमध्ये टाकतो. नाव नाही, गाव नाही. दुसरा उचलतो, कानशीने कडा मारतो, जाडी बघतो. त्याला पटली तर चावीच्या मानेवर आपली खूण करतो. दादाच्या दोन रेघा. मधल्याच्या तीन. माझी एकच, तिरकी. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून दुसऱ्याचा हात. चाळीस वर्षं या दुकानातून दुसऱ्या हाताशिवाय एक चावी बाहेर गेलेली नाही."

"म्हणजे गोदामाच्या दारात जी चावी सापडली, तिच्यावर तीन रेघा होत्या..."

"म्हणजेच ती मधल्याने कापलेली नव्हती!" छोटीचा आवाज चढला. "तीच तर गंमत आहे. ज्या खुणेवर त्याला आत टाकला ना, तीच खूण सांगते की गिऱ्हाईक त्याने बघितलंसुद्धा नव्हतं. आणि तो सरकारी तज्ज्ञ शहाणा छातीठोक सांगतो, की खूण ज्याची चावी त्याची. कुठल्या कारखान्यात शिकला होता कोण जाणे. मोठ्या वकिलांनी त्याला किती प्रश्न विचारले? दोन! एक त्याचं शिक्षण, दुसरा त्याचं वय!"

वकीलबाईंनी निकालपत्राचं एक पान काढलं. "न्यायाधीशांनी लिहिलंय, खुणेबाबत आरोपीने दिलेलं स्पष्टीकरण कोणत्याही साक्षीने सिद्ध झालेलं नाही."

"होईल कसं? मला आत घेतलीच नाही! बाहेर बसवून ठेवली अकरा दिवस, आणि वर लिहितो सिद्ध झालं नाही म्हणून. चोरीत त्या गोदामाच्या रखवालदाराचा डोळा गेला, वाईट झालं, पण म्हणून कुणालातरी आत टाकायचं म्हणून टाकायचं? त्या न्यायाधीशाला मी..."

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "थांबा जरा. मीही तुमच्या बोलण्यावरून तेच धरून चालले होते. अपिलात पहिला मुद्दा तोच लिहिला होता, कोर्टाने बचावाची साक्षीदार नाकारली. आज सकाळी तो खोडावा लागला." त्यांनी फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवलं. "न्यायाधीशांनी तुमची साक्ष नाकारली नाही. त्यांनी तारीख दिली होती. हा अर्ज आपल्याच वकिलांचा आहे. साक्षीदार क्रमांक दोन यांना तपासायचं नाही, नाव मागे घेत आहोत. आणि इथे, त्यांच्या ऑफिसातल्या प्रतीवर, कारकुनाच्या अक्षरात टीप आहे. कुटुंबाच्या सांगण्यावरून."

छोटीने कागद वाचला. परत वाचला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथून कुठे जावं ते तिला कळेना, कारण दोन महिने ज्याला शिव्या घातल्या तो माणूस यात कुठेच नव्हता.

"कुटुंब म्हणजे कोण?" तिने विचारलं. "मी नाही. मधला नाही, तो आत होता. मग कोण?"

ती दादाकडे वळली.

"माझ्याकडे काय बघतेस?" दादा म्हणाला. "आईशपथ, मी त्या वकिलाला असलं काही सांगितलेलं नाही."

"मोठ्या वकिलांकडे जायचा कोण? तू!"

"फी द्यायला जायचो! छोटे, तोंड सांभाळून बोल."

"मी तोंड सांभाळूनच बसले होते अकरा दिवस! तुरुंगात भेटीला गेले तेव्हा मधल्याने जाळीतून विचारलं मला, तुला का गं नाही बोलावलं? आणि मी त्याला सांगितलं, न्यायाधीश नाही म्हणाला. खोटं सांगून आले मी त्याला, तुमच्यापायी! वहिनी, तू तरी सांग. का तूही यातच आहेस?"

वहिनीचं आणि छोटीचं कधी फारसं पटलेलं नव्हतं. काउंटर कुणाचा, गल्ला कुणाचा, पंखा किती फिरवायचा, यावरून दोघींनी वीस वर्षं सुखाने भांडण केलं होतं. एरवी वहिनी अशा वेळी चार शब्द जास्त परत द्यायची. आज ती नवऱ्याकडे बघत होती.

"यांनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "एवढं मला माहीत आहे."

"मी सांगितलं," आई म्हणाली.

तिने हातातली चावी गंजलेल्यांच्या ढिगात ठेवली. आवाज अगदी साधा होता, दूध आलं का विचारावं तसा.

"मी गेले होते त्यांच्याकडे. पाचव्या दिवशी, तू बाकड्यावर होतीस तेव्हा मागच्या दाराने. म्हटलं, पोरीला आत बोलावू नका. ती बोलायला लागली की थांबत नाही. सरकारी वकील तिला विचारणार, मग चावी कापली कुणी? आणि ती हिशोब करणार."

छोटीने तो हिशोब आत्ता केला, आणि करताना तिला स्वतःचीच चीड आली, कारण तो पहिलीतल्या पोरालाही जमला असता. दुकानात कापणारे हात तीन. खूण मधल्याची, म्हणजे कापणारा तो नाही. तिने स्वतः कापली नव्हती. दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, ती चावी आपली नाहीच, कुणीतरी खूण नक्कल केलीये. आणि तिने ते मानलं होतं, कारण न मानण्याची तिची तयारी नव्हती. मधल्याच्या हातच्या तीन रेघा कुणाला नक्कल करता येत नाहीत, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

"दादा," ती म्हणाली.

दादा खाली बसला. इतका वेळ बस म्हटलं तरी बसला नव्हता.

"चावीचा ठसा घेऊन आला होता एक माणूस," तो म्हणाला. "साबणावरचा. म्हणाला, गोदामाच्या मालकाने पाठवलंय, चावी कुलपात तुटली. आपण ठशावरून करत नाही, मला काय माहीत नाही? त्याला नाहीच म्हणणार होतो. पण तो म्हणाला, ठशावरून फक्त तुमचे वडील करायचे, तुम्हाला नाही जमायचं. असं म्हणाला आणि निघाला."

"आणि तू त्याला परत बोलावलंस."

"हो, बोलावलं! जन्मभर ऐकलंय मी या खोलीत. दादाचा हात जड. दादाला काउंटरवर बसवा, कामाच्या टेबलावर नको. मधल्याचा हात बघा, मधल्याचा हात बघा. अण्णा गेले तरी त्यांचा आवाज गेला नाही माझ्या कानातून." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "तीन तास लागले. एका साध्या चावीला. मग ती मी बाकीच्यांत मिसळून ट्रेमध्ये टाकली. मधल्याने उचलली, उजेडात धरली, कडा मारली आणि काही न बोलता तीन रेघा ओढल्या. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता छोटे, की काय सांगू. दोन दिवसांनी गोदाम फुटलं."

छोटीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि तेही वाईट. "म्हणजे शाबासकी घेतलीस त्याच्याकडून. आणि शिक्षा त्याला दिलीस."

"मी पोलिसांकडे जाणार होतो! मधल्याला पकडलं त्याच संध्याकाळी. आईला विचार."

"मी जाऊ दिलं नाही," आई म्हणाली. "पाय धरले याने माझे, रडला. म्हटलं, गप बस. तुझ्या दोन मुली कॉलेजात, बायको. तू गेलास तर ही तीन माणसं रस्त्यावर. मधल्यावर तर काही येणारच नाही, त्याने काही केलेलंच नाही, सुटेल. असंच वाटलं होतं मला."

"पाचव्या दिवशीही असंच वाटत होतं? वकिलाकडे मागच्या दाराने गेलीस तेव्हा?"

आईने डब्यातून दुसरी चावी उचलली. वकीलबाईंनी मध्ये घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन झाले होते.

"माफ करा, पण मला बोलायला हवं. हे तुमच्या घरातलं भांडण असेल, माझ्या दृष्टीने हा अपिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. वकील कुणाचा? आरोपीचा. त्याने सांगणं कुणाचं ऐकलं? दुसऱ्याचं. आरोपीला न विचारता, खुणेबद्दल सांगणारी त्याची एकुलती एक साक्षीदार काढून टाकली. असा खटला न्याय्य झाला असं म्हणणं कठीण आहे. मी पुन्हा खटला चालवा म्हणून मागणी करू शकते. पण त्यासाठी मला प्रतिज्ञापत्र लागेल. तुमचं, आई. तुम्ही कधी गेलात, काय सांगितलं, आणि का."

"का, हे कशाला?" दादा चटकन म्हणाला.

"कारण तिथे पहिला प्रश्न तोच येणार आहे. आणि तुम्हाला आत्ताच स्पष्ट सांगते. मी मधल्या भावाची वकील आहे, तुमची नाही. हे दाखल झालं की तुमची चौकशी होईल. तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा, आजच."

दादाचा चेहरा उतरला. "बघितलंस आई? एकाला बाहेर काढायचं म्हणून दुसऱ्याला आत घालायचं. हा कुठला न्याय?"

"मघाशी दुकान विकायला निघाला होतास," छोटी म्हणाली.

"दुकान वेगळं आणि मी वेगळा!"

"मी लिहून देते," आई म्हणाली. "गेले होते, सांगितलं, सगळं लिहून देते. पण याचं नाव मी घेणार नाही. का गेलीस विचारलं तर सांगेन, म्हातारपणी डोकं फिरलं होतं."

"त्याचा उपयोग होणार नाही हो," वकीलबाई म्हणाल्या.

"होईल तेवढा होऊ दे. माझ्या हातून दोन्ही मुलगे जाणार नाहीत."

"एक गेलेला चालला तुला!" छोटी किंचाळली. टेबलावर हात आपटला तशा चाव्या उडाल्या. "दोन वर्षं चालला! तो आत काय खातो, कुठे झोपतो, त्याला ऐकू कमी यायला लागलंय, माहीत आहे तुला? तू एकदा तरी भेटायला आलीस? गुडघे दुखतात म्हणालीस. वकिलाचा जिना चढताना नाही दुखले गुडघे?"

"त्याला बायको नाही, पोर नाही," आई हळू म्हणाली. "कुणाचं काही अडत नव्हतं त्याच्यावाचून. मला निवडायचंच होतं. त्याच्या मागे रडायला कोण होतं?"

"मी होते."

आईने मान वर केली. छोटीलाही ना नवरा होता, ना पोर. सहा महिन्यांत मोडलेल्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नसे. या टेबलाच्या एका टोकाला मधला आणि दुसऱ्या टोकाला ती, अशी दोघांनी पंचवीस वर्षं काढली होती, डबा वाटून खात, रेडिओवरून भांडत.

"आणि तीन रेघांच्या जागी एक तिरकी रेघ असती तर?" छोटीने विचारलं. "माझी? आत मी असते, तरी गेली असतीस वकिलाकडे?"

खोटं बोलायची आईला सवय नव्हती. गप्प राहायची होती.

"गेले असते," ती म्हणाली.

छोटीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण कोसळू. तसं काही झालं नाही. फक्त लहानपणापासून या बाईच्या मर्जीसाठी जी धडपड चालली होती ती तिथल्या तिथे थांबली, आणि तिला एकदम मोकळं वाटलं. त्या मोकळेपणाचाही तिला राग आला.

"कागद इकडे द्या," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काउंटरवर मी होते त्या दिवशी. तो माणूस आला, साबणाची वडी दाखवली, मी बघितली. यांनी ती आत नेली, मी बघितलं. तीन तास काउंटरला आले नाहीत, मी चहा ठेवला तो गार झाला. चावी न्यायला तो आला तेव्हा त्याच्या हातात मी दिली. मला आजवर कुणी विचारलंच नाही. पोलिसांनीसुद्धा नाही. बाईमाणूस गल्ल्यावर बसतं, तिला काय कळतंय."

"तू माझी बायको आहेस," दादा म्हणाला.

"म्हणून तर दोन वर्षं गप्प होते!" वहिनीचा आवाज फुटला. "तुम्हाला वाटतं मला काही माहीत नव्हतं? झोपेत कुशी बदलता तेव्हा मी जागीच असते. मी वाट बघत होते, आज बोलतील, उद्या बोलतील. निकालाच्या दिवशी तरी बोलतील. तुम्ही घरी येऊन जेवलात! आणि आता आईंच्या तोंडून ऐकते, की हे सगळं माझ्यासाठी केलं, माझ्या मुलींसाठी. मुलींची नावं घेऊ नका यात. मी नव्हतं सांगितलं कुणाला, माझ्या संसारासाठी दुसऱ्याचा माणूस आत ठेवा म्हणून. कुठे लिहायचं, सांगा मॅडम."

दादा आईकडे बघत होता, नेहमीप्रमाणे. आईने या वेळी त्याच्याकडे पाहिलं नाही. आता नाव लपवून ठेवण्यात काही राहिलं नव्हतं.

वकीलबाईंनी भराभर लिहायला घेतलं. वहिनीचं झालं, मग छोटीचं, अकरा दिवसांसकट. शेवटी त्या आईकडे वळल्या. तारीख, वेळ, वकिलाच्या ऑफिसचा पत्ता, काय बोलणं झालं. आई या वेळी काही न लपवता सांगत गेली. दादाचं नावही तिने घेतलं.

"आता एकच," वकीलबाई म्हणाल्या. "हे महत्त्वाचं आहे, नीट आठवून सांगा. वकिलाकडे जायच्या आधी किंवा नंतर, तुम्ही मधल्याला विचारलं होतं का? त्याच्या कानावर घातलं होतं का?"

"नाही."

"नक्की?"

"विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता," आई म्हणाली. "मला ठाऊक होतं. म्हणून नाही विचारलं."

वकीलबाईंचं पेन थांबलं. छोटी खुर्ची मागे लोटून उठली.

"मग विचारायचं होतंस," ती म्हणाली. "हो म्हणायचं का नाही, हे त्याचं त्याने ठरवलं असतं. तेवढं तरी त्याचं ठेवायचं होतंस."

सव्वाचारला तिघी वकीलबाईंच्या गाडीतून कोर्टात पोचल्या. दादा आला नाही. तो शटर आतून ओढून बसला होता. फाटकावरच्या पोलिसाने छोटीला ओळखलं, "आज कारखाना नाही?" म्हणाला आणि तिचा चेहरा बघून बाजूला झाला. व्हरांड्यातून जाताना ते बाकडं लागलं. छोटी थांबली नाही.

प्रतिज्ञापत्र घेणारा अधिकारी दिवसभराच्या कामाने सुस्तावलेला होता. वहिनीने सही केली, छोटीने केली. मग आईचा कागद समोर आला. त्याने पान उलटलं, एक रकाना रिकामा दिसला.

"आरोपीशी नातं?" त्याने मान वर न करता विचारलं.

आईने ओठ हलवले, पण शब्द आला नाही. तिने शेजारी छोटीकडे पाहिलं. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तिच्या वतीने छोटीच उत्तरं द्यायची. छोटीला उत्तर येत होतं. तिने दिलं नाही.

"आजी, तुमचं आरोपीशी नातं काय?" अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघत पुन्हा विचारलं. मागे रांग खोळंबली होती.

"मी त्याची," आई म्हणाली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. "आई. आई आहे मी त्याची."

त्याने रकान्यात लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्याकडे सरकवला.